पुंजीचे महिने

नोकरी गेल्यावर घरात पैसा एकदम कमी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. नियमित नोकरी असलेल्या माणसाच्या बाबतीत पहिले काही दिवस उलटेच घडते. राहिलेला पगार, शिल्लक रजांचे पैसे, नोटीस पिरियडचा मोबदला आणि पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने ग्रॅच्युइटी, असे सगळे मिळून बँकेच्या खात्यात एरवी कधी न दिसणारा आकडा दिसू लागतो. घर अडचणीत येण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते. या आकड्याकडे आपण मालमत्ता म्हणून पाहतो, आणि मालमत्तेचे जे करायचे ते करायला निघतो: गृहकर्जाचा बोजा हलका करू, गावच्या घराचा स्लॅब टाकून घेऊ, मुलीच्या लग्नाची तरतूद करून ठेवू, मेहुण्याच्या धंद्यात भागीदारी घेऊ. यातली एकही इच्छा वावगी नाही. पण ती रक्कम म्हणजे पुढच्या काही महिन्यांचे पगार आहेत, आगाऊ आणि एकदम मिळालेले. ती रुपयांत न मोजता महिन्यांत मोजावी, एवढेच माझे म्हणणे आहे. काय आधी आणि काय नंतर, याची बरीच उत्तरे त्या मोजणीतून आपोआप मिळतात.

एक साधे गणित मांडू. हातात सहा लाख आहेत आणि घराचा महिन्याचा खर्च पन्नास हजार आहे. त्यात वीस लाखांच्या गृहकर्जाचा सुमारे अठरा हजारांचा हप्ता धरलेला आहे. म्हणजे घराला बारा महिने मिळाले. आता कर्ज कमी करावे म्हणून यातले चार लाख बँकेत भरले, तर हातात दोन लाख उरतात. आगाऊ रक्कम भरली की बँका बहुतेक वेळा कर्जाची मुदत कमी करतात, हप्ता तेवढाच राहतो. म्हणजे बाराचे चार महिने झाले. आग्रह धरून हप्ता कमी करून घेतला, तरी तो पंचमांशाने, म्हणजे साडेतीन-पावणेचार हजारांनी उतरेल आणि दोन लाख साडेचार महिनेही पुरणार नाहीत. व्याज वाचले हे खरे, पण त्यासाठी साडेसात ते आठ महिने मोजावे लागले. शिवाय बँकेत गेलेला हा पैसा पाचव्या महिन्यात परत मागता येत नाही. पगाराची स्लिप नसलेल्याला नवे कर्ज सहजी कोणी देत नाही. मग सोने गहाण पडते किंवा क्रेडिट कार्ड निघते.

‘डोक्यावर कर्ज ठेवून झोप कशी लागणार?’ हा आक्षेप मराठी मध्यमवर्गाच्या संस्कारातून येतो आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण सगळी कर्जे सारखी नसतात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांवर व्याज चढते. ही थकबाकी पहिल्याच आठवड्यात फेडून टाकावी, त्यात दुमत असू नये. गृहकर्ज मात्र घरातले सर्वांत स्वस्त कर्ज असते आणि त्याचा ठरलेला हप्ता जात राहिला तर बँक दारात येत नाही. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस निघू शकते. घर वाचवायचे असेल तर चार लाख एकदम भरून टाकण्यापेक्षा पुढचे बावीस हप्ते हाताशी असणे अधिक मोलाचे आहे. आणि हप्ते पुढे ढकलून मिळाले तरी ती माफी नसते. २०२० साली मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची सवलत रिझर्व्ह बँकेने देऊ केली, त्या काळातही मुद्दलावर व्याज चढतच होते.

महिन्यांत मोजू लागले की काही खर्च कमी करण्याऐवजी वाढवावे लागतात. कंपनीच्या गटविम्याचे छत्र नोकरीबरोबर जाते. त्याच विमा कंपनीकडून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि ती वेळेत घेतली तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागत नाही. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर या विम्याचा हप्ता किराण्याइतकाच अटळ मानला पाहिजे. रुग्णालयाचे एक बिल सहा महिने गिळून टाकू शकते. केबल बंद करून, दुधाची एक पिशवी कमी करून वाचणारे पैसे त्यापुढे किरकोळ आहेत, आणि सुरुवात मात्र बहुतेक घरांत तिथूनच होते.

पण किती महिने पुरवायचे हे कुणाला ठाऊक असते? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याआधीच्या दशकातले संप आठवड्यांत मोजता येत होते. हा वर्ष उलटून गेले तरी मिटला नाही आणि तो अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. कित्येकांना गिरणी पुन्हा दिसलीच नाही. संपाची आणि नोकरकपातीची तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य. तरी उत्पन्न थांबण्याचा काळ आपल्या अंदाजापेक्षा लांबू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते. म्हणून तीन महिन्यांत दुसरी नोकरी लागेल असे वाटत असेल तर हिशेब नऊ महिन्यांचा करावा. सगळी रक्कम वेगळ्या खात्यात, थोड्या थोड्या मुदतीच्या ठेवींत ठेवावी आणि दर एक तारखेला ठरलेलीच रक्कम घरखर्चाच्या खात्यात आणावी. घराने स्वतःला पगार द्यावा तसा.

हे एकट्याने जमत नाही. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परतायचे, हा प्रकार पुण्या-मुंबईच्या आयटीतल्या माणसांनाही अपरिचित नाही. घरच्यांना काळजी नको, म्हातारी आई खचेल, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. हेतू प्रेमाचाच असतो. पण ज्या घराला ठाऊक नाही ते घर जुन्याच चालीने खर्च करत राहते. भिशीचा हप्ता, नात्यातल्या लग्नाचा आहेर, दिवाळीची खरेदी काहीच थांबत नाही, आणि लपवणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची सोय उरत नाही. लपवलेला प्रत्येक महिना पुंजीतून पुऱ्या दराने वजा होतो. शिवाय घरात बाईला हिशेबाची जी नजर असते, दुकानदाराशी आणि बचत गटाशी जो तिचा व्यवहार असतो, ती ताकद वापरलीच जात नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: ज्याला अशी रक्कमच मिळत नाही त्याचे काय? कंत्राटी कामगार, दुकानातला नोकर, गाडीवर पार्सल पोचवणारा मुलगा यांच्यापुढे महिने मोजण्याची भाषा करणे निष्ठुरपणाचे वाटेल. तो आक्षेप मला खोडता येत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल तर २०१८ पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून, अटी पूर्ण झाल्यास, नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मा भत्ता मिळू शकतो. त्यासाठी अर्ज जरूर करावा. पण बाकीच्यांना तेवढाही आधार नाही. ग्रामीण माणसाला कामाचा हक्क देणारा रोजगार हमी कायदा याच महाराष्ट्राने १९७७ साली केला. शहरात नोकरी गमावणाऱ्यासाठी त्या तोडीचे काही आपण अजून उभे केलेले नाही, आणि त्याची मागणी करणे हे पगारदार मध्यमवर्गाचेही काम आहे.

तोवर ज्यांच्या हाती थोडीफार पुंजी आहे त्यांनी ती सांभाळावी. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची नोकरी नुकतीच गेली असेल, तर आज रात्रीच घरातल्या सगळ्यांना बसवून महिने मोजा. आणि हप्ता भरता येणार नाही असे दिसू लागले, तर तो थकण्याची वाट न पाहता आधीच बँकेच्या शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा.