यजमान नसलेले घर

वैराग्य भाड्याने मिळते का, हा प्रश्न मला पवईत पडला. मुलाची बदली मुंबईला झाली. मनासारखा फ्लॅट मिळेपर्यंत कंपनीने त्याला सर्व्हिस्ड अपार्टमेंट दिले आणि नातवाला सांभाळायला मी नाशिकहून आले.

जागा देखणी आहे. करडा सोफा, कशाचेच नसलेले एक मोठे चित्र, खिडकीत पवईचा तलाव. कॉफीचे यंत्र आहे, पोळपाट-लाटणे नाही. छताला धूर ओळखणारे यंत्र, म्हणून उदबत्ती बंद. माझी अन्नपूर्णा मायक्रोवेव्हवर बसते. रोज सकाळी चादरी बदलतात, भांडी घासून मिळतात. फुटले-तुटले तर कंपनी पाहून घेईल. दोन बॅगांपलीकडे माझे इथे काही नाही.

मुलगा थट्टेने म्हणाला, "आई, तू तर संन्यासीण झालीस." गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना घराचा पाश नसलेला माणूस येतो, हे त्याला माझ्याच तोंडून ऐकून ठाऊक.

मला ते पटेना. माझी नोकरी सहकारी बँकेच्या कर्जविभागात झाली. कोण कोणाचे काय देणे लागतो, हे पाहिल्याशिवाय माझे डोके चालतच नाही. आणि आपले नसलेल्या घरात राहणे म्हणजे काय, याचा हिशेब आमच्या नाशिकलाच दगडात कोरलेला आहे. पांडवलेण्यांतले दहाव्या क्रमांकाचे लेणे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी भिक्षूंना दिले. नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक दराने. वर्षाचे व्याज २४०. पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो! शिवाय अट अशी, की मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. असे खाते मी उभ्या नोकरीत पाहिले नाही. आमच्याकडे खाते मिटण्यासाठीच उघडायचे.

म्हणजे सोयी भिक्षूंनाही होत्या. दगडी ओटा, पाण्याचे टाके, कापडाची तरतूद. मालकी तर त्यांचीही नव्हती. पण विनयाच्या, म्हणजे बौद्ध संघाच्या आचाराच्या, नियमांत असे आहे की भिक्षूने अंथरलेले अंथरूण मुक्काम हलवताना स्वतः आवरावे, नाहीतर कोणावर तरी सोपवून जावे. जागा तुझी नाही, म्हणून तुझ्यानंतर येणाऱ्याचे तू देणे लागतोस. या नियमाला मी वैराग्य म्हणेन. मला पवईत जे वाटते तो नुसता निवांतपणा आहे, आणि तो मुलाच्या कंपनीने पैसे मोजून घेतलेला आहे.

मी सकाळी चादरीच्या घड्या घालून ठेवू लागले. हाउसकीपिंगच्या मुलीने दोन दिवस पाहिले, मग म्हणाली, "मॅडम, नका घालू. मला परत सोडून आमच्या पद्धतीने लावावं लागतं, सुपरवायझर फोटो मागतात." देणे फेडायची वाटच नाही. तिचे नाव विचारले तर छातीवरच्या पट्टीकडे बोट दाखवले.

शतपथ ब्राह्मणात माणसाची ऋणे सांगताना देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला चौथे ऋण माणसांचे सांगितले आहे. ते फेडायचे कसे, तर माणसांना आसरा आणि अन्न देऊन. पहिल्या तिघांचे आपण फार बोलतो. चौथे बहुतेक जण विसरतात, कारण ते दारात उभे राहते. माझी मावसबहीण यजमानांच्या उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात आली होती. मी म्हटले, रात्री इकडेच ये. खाली रिसेप्शनवर तिचे आधार कार्ड मागितले आणि दहानंतर राहायचे तर जादा माणसाचे पैसे आणि कंपनीची मेल लागेल असे सांगितले. ती रात्रीच परत फिरली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांची सोय झालेली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेले. तिने थर्मासच्या झाकणात मला चहा दिला, शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी लाडू पुढे केला. तिथे कोणाचेच काही नव्हते, तरी मी पाहुणी होते. पवईत इतक्या खोल्या असून एकही यजमान नाही, मीसुद्धा नाही.

"नियम सुरक्षेसाठी असतात, आई," मुलगा म्हणाला. तेही खरेच. उषवदाताचे लेणे चारी दिशांच्या संघाला खुले होते, पण संघालाच. माझ्यासारख्या बाईला तिथे मुक्काम मिळाला नसता. दार कुठेतरी लावावेच लागते. फक्त ते उघडायचा अधिकार आत राहणाऱ्याकडे हवा, एवढे माझे म्हणणे.

रविवारी कांजूरमार्गला फ्लॅट पाहायला गेलो. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारले, पाहुणा रात्री राहिला तर कोणाची परवानगी लागते? मुलाने पार्किंगचे विचारले.