दिसणे आणि समजणे

२४ मार्च २०२३. रमजानचा पहिला रोजा. मगरीबची नमाज आटोपून आम्ही ऐरोलीतल्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. खाडीपलीकडे, मुलुंडच्या बाजूला चंद्रकोर होती आणि तिच्या खाली अगदी जवळ एक तेजस्वी ठिपका. शेजारच्या चाचींनी ती कुदरतची निशाणी समजून दुआसाठी हात उचलले. माझा एक विद्यार्थी दबक्या आवाजात म्हणाला, "सर, ड्रोन असेल." तो शुक्र होता. प्रकाश एकच, श्रद्धेने त्याला एक नाव दिले, भीतीने दुसरे.

मुलाला हसणे सोपे होते. पण लडाखच्या सीमेवर जवानांचेही असेच झाले होते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात त्यांनी आकाशात ३२९ वेळा अनोळखी प्रकाश पाहिल्याची नोंद केली. चीनची हेरगिरी करणारी विमाने असावीत, असा संशय होता. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारण्यात आले. शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले, ते गुरू आणि शुक्र आहेत.

इथे डोळ्यांनी दगा दिला नव्हता. प्रकाश खराच होता. चूक झाली ती नाव देण्यात. तरी पहारेकऱ्याने संशय घेणे हा गुन्हा नव्हे; ते त्याचे कर्तव्यच. मोलाची गोष्ट ही की संशयाला निकाल न मानता जाणकाराला विचारले गेले.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. ईदचा चाँद पाहिल्याची गवाही देणाऱ्याला कोणत्या दिशेला, किती उंचीवर, टोके कुठल्या बाजूला, असे विचारतात. बसऱ्याचे काझी इयास बिन मुआविया यांची गोष्ट सांगितली जाते. वयोवृद्ध हजरत अनस बिन मालिक यांना चाँद दिसला, इतर कोणालाच दिसेना. इयास यांनी त्यांच्या डोळ्यावर आलेला भुवईचा पांढरा केस हळूच बाजूला केला आणि पुन्हा पाहायला सांगितले. चाँद नाहीसा झाला. त्यांनी चूक दूर केली, पण बुजुर्गांचा मान राखून.

ग्रहाला ड्रोन म्हटल्याने ग्रहाचे काही बिघडत नाही. माणसाचे मात्र बिघडते. दाढी, टोपी, नाव पाहून कुणी आपल्याबद्दल मत ठरवतो, तेव्हा आपल्याला किती लागते! पण वस्तीत नव्याने आलेल्या भाडेकरूबद्दल, उशिरा घरी येणाऱ्या मुलीबद्दल आपण तरी काय करतो? सूरह हुजुरातमध्ये खबरीची तहकीक करण्याची ताकीद आहे आणि बदगुमानीची मनाईही. ती केवळ दुसऱ्यांसाठी नाही.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "रोज याच वेळी बघ आणि वहीत लिही." चार दिवसांनी तो वही घेऊन आला. चंद्र रोज वर सरकत होता. ठिपका जवळपास तिथेच होता आणि रोज डोंगरामागे मावळत होता. "सर, ड्रोन नाही," तो म्हणाला. नाव मी नंतर सांगितले.