जुने घर विकताना

वाडवडिलांचे घर विकण्याचा प्रसंग आपल्या भागातील अनेक कुटुंबांवर येतो. भाऊ वेगळे होतात, मुले पुण्या-मुंबईस अगर परदेशी जातात आणि शहापुरातील किंवा निपाणीतील घरास कुलूप लागते. किंमत ठरते, खरेदीपत्र होते आणि व्यवहार संपला असे आपण म्हणतो. तो खरोखर संपतो काय?

हा प्रश्न गतवर्षी आमच्याच घरी उभा राहिला. आमच्या जुन्या घराच्या माडीवर निजावयाची एक खोली होती. तिला खिडकी एकच, व चोराच्या भयाने आजोबांनी तीत पक्के बसविलेले लोखंडी गज. जिना लाकडी, तोही स्वयंपाकघरातून वर जाणारा. आमच्या लहानपणी एके रात्री तेथील जुन्या तारांनी पेट घेतला. जिना धुराने भरला आणि आम्ही भावंडे गज धरून ओरडत राहिलो. शेजाऱ्यांनी वाळू टाकून आग विझविली, म्हणून निभावले. पुढे भिंतींस रंग दिला व काळे डाग झाकले गेले. घर पाहावयास आलेल्या गृहस्थांनी नेमकी तीच खोली मुलांसाठी पसंत केली. तेव्हा एक वडीलधारे आप्त म्हणाले, "गज काय त्यांना दिसत नाहीत? न विचारलेले कशाला सांगावे?"

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम असे सांगते की, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदारास साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. तो न सांगणे ही फसवणूक होय. गज तर उघड दिसणारे. मग कायद्याचे बंधन कोठे उरले?

परंतु दिसणे वेगळे आणि कळणे वेगळे. गज सर्वांस दिसतात. जिना धुराने भरला की त्या खोलीस दुसरी वाट नाही, हे तेथे अडकलेल्यासच कळते. ८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका कारखान्यास आग लागली. आत निजलेले ४३ जण दगावले, ते बहुतांशी धुराने गुदमरून. तेथेही खिडक्यांस लोखंडी जाळ्या होत्या.

अमेरिकेतील नमुना निवासी संहितेनुसार निजावयाच्या खोलीस बाहेर पडण्याजोगी वाट लागते. ती खिडकी असेल तर तिचा उंबरठा जमिनीपासून ४४ इंचांहून उंच नसावा आणि जाळी असल्यास ती आतून किल्लीवाचून उघडावी, असा दंडक आहे. तेथेही जुन्या घरांस तो सहसा मागाहून लागू होत नाही. म्हणजे कायदा जुन्या घरास सूट देतो. आग मात्र देत नाही.

महाभारतातील लाक्षागृह दिसावयास सुंदरच होते. पुरोचनाने पांडवांस ते आदराने दाखविले व त्यातील घात लपविला. विदुराने सावध केले आणि भुयार खणणारा माणूस पाठविला. घर दाखविणारे दोघांपैकी कोणाच्या वाटेने जातात, हे त्यांनीच ठरवावे.

अखेर वडिलांनी त्या गृहस्थांस बसवून घेऊन सर्व हकीकत सांगितली. किंमत उतरली, आणि बहिणीच्या शिक्षणाचे कर्ज फिटेल ही आशा अर्धीच पुरी झाली. त्याचे आम्हांस वाईट वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. नवीन मालकांनी मात्र गज काढून बिजागरीची जाळी बसविली. ती मुलांस पडू देत नाही, चोरास येऊ देत नाही, आणि आतून कडी काढताच उघडते.

आपणांपैकी ज्यांस घर विकावयाचे असेल त्यांनी एका रात्री दिवा मालवून निजावयाच्या खोलीत उभे राहावे. दार बंद आहे असे समजून बाहेरची वाट शोधावी. ती सापडली नाही, तर सौदा करण्यापूर्वी ती करून द्यावी. ते न साधले तर निदान तसे सांगावे. घराचे मोल घेता येते. त्या घरात निजणाऱ्या लेकरांचे मोल कोणत्याही खरेदीपत्रात लिहिलेले नसते.