हसणे एकाचे, निवाडा दुसऱ्याचा

वाचकहो, एखाद्या मनुष्याविषयी "त्याला विनोदबुद्धी नाही" असे आपण सहज बोलून जातो. बोलताना आपणांस वाटते की, आपण केवळ त्याचा एक गुण वजा केला. जसे एखाद्याला गाता येत नाही, एखाद्याला पोहता येत नाही. परंतु ही वजाबाकी तेवढी लहान नाही. सर्व प्राण्यांत केवळ मनुष्यच हसतो, असे ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांविषयीच्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आणि तेव्हापासून हास्य हे मनुष्यपणाचे लक्षण मानले गेले. ते लक्षण एखाद्याच्या ठायी नाही असे म्हणणे म्हणजे त्याला माणसांच्या पंक्तीतून थोडेसे मागे सरकवणे होय. स्वमग्न व्यक्तींविषयी ही गोष्ट ऐंशी वर्षे बोलली जात आहे. ती खरी आहे काय? आणि ती ठरवण्याचा अधिकार कोणाचा? या दोन प्रश्नांचा आपण मिळून विचार करू.

प्रथम शब्दाकडे पाहू. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी 'ऑटिझम' हा शब्द वापरला. त्याच्या मुळाशी 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. पुढे 1943 साली बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी 11 मुलांच्या निरीक्षणावरून एका वेगळ्या अवस्थेचे वर्णन केले आणि त्यासाठी हाच शब्द घेतला. मराठीत आपण त्याला 'स्वमग्नता' म्हटले. भाषांतराचे काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रतिशब्द निर्दोष आहे; मुळाशी तो प्रामाणिक आहे. तथापि शब्दाशी प्रामाणिक असलेले भाषांतर मनुष्याशी प्रामाणिक असेलच असे नाही. जो स्वतःतच बुडालेला आहे तो दुसऱ्याबरोबर हसणार कसा, हा निष्कर्ष त्या नावातच दडलेला आहे. चौकशी होण्यापूर्वीच निकाल लागला आहे.

व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर यांनी 1944 साली अशाच मुलांविषयी प्रबंध लिहिला. या मुलांना थट्टा समजत नाही, खऱ्या विनोदासाठी लागणारी सखोल जाण त्यांच्यात नसते, असे त्यांनी नोंदवले. पण त्याच प्रबंधात आणखी एक नोंद आहे. यांतील काही मुले शब्दांशी खेळतात आणि त्यांच्या काही उक्ती खरोखर मार्मिक असतात, असेही त्यांनी लिहिले. या दोन नोंदींपैकी जगाने पहिली लक्षात ठेवली. दुसरी बाजूला पडली. याच आस्पेर्गर यांनी नाझी राजवटीच्या काळात काही अपंग मुलांना श्पीगलग्रुंड या संस्थेकडे पाठवण्यात भाग घेतला होता, हे इतिहासकार हेर्विग चेक यांनी 2018 साली कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. त्या संस्थेत मुलांचे जीव घेतले जात होते. विनोद न समजणे हे त्या पाठवणीचे कारण होते, असे मी म्हणत नाही. इतकेच म्हणतो की, एखाद्या लेकराजवळ काय काय नाही याची यादी करणे हे निरुपद्रवी काम नव्हे. दिवस वाईट आले की, अशा याद्या भलत्याच हातांत पडतात.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे येऊ. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला वडील म्हणतात, "काय दिवे लावलेस?" आणि मुलगा शांतपणे उत्तरतो, "अजून लावले नाहीत, बाहेर उजेड आहे." कोणी म्हणेल, पाहा, याला उपरोध कळत नाही. असेलही. अनेक स्वमग्न व्यक्तींना बोलणाऱ्याचा छुपा हेतू ओळखणे जड जाते. शब्द त्यांना आधी सरळ अर्थाने भेटतात. परंतु हेच उत्तर एखाद्या नाटकातील पात्राने दिले असते, तर प्रेक्षागृह हशाने भरून गेले असते. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपणांस हसवतो तो त्याच्या सरळपणामुळे. पु. ल. देशपांडे यांच्या कोट्यांची गंमतही शब्दाचा रूढ अर्थ क्षणभर बाजूला सारून दुसरा अर्थ पुढे आणण्यात आहे. म्हणजे ज्या सरळ अर्थाला आपण व्यंग म्हणतो, तीच मराठी विनोदाची एक मोठी खाण आहे. अनेक स्वमग्न माणसे ती खाण जाणूनबुजून खणतात. शब्दश्लेष, तर्कातील विसंगती, नियमांचा हास्यास्पद शेवट, एकच मजेदार वाक्य पुनःपुन्हा उच्चारण्याचा आनंद, हे त्यांचे विनोद आहेत. सर्वांचे सारखे नसतात. आपले तरी कोठे सारखे असतात?

मग अडते कोठे? 2012 साली डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने मांडले की, ही अडचण एका बाजूची नसून दुहेरी आहे. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचता येत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांना तिचे मन वाचता येत नाही हेही खरे. 2020 साली एडिंबरो विद्यापीठातील कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखाच तो होता. आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच चांगली टिकली. दोन्ही प्रकारच्या व्यक्ती मिसळलेल्या साखळ्यांत मात्र तिची अधिक गळती झाली. दोष या माणसांत किंवा त्या माणसांत नव्हता. दोघांमधील सांध्यात होता.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. चेन्नईत वा कोलकात्यात नवीन गेलेले मराठी कुटुंब शेजाऱ्यांच्या बैठकीत बसते. कोणी काही बोलतो, सगळे खळखळून हसतात, आणि आपले पाहुणे इतरांच्या चेहऱ्यांकडे बघत एक क्षण उशिरा हसतात. त्यांना विनोदबुद्धी नाही असे कोणी म्हणत नाही. भाषा अजून यायची आहे, एवढेच म्हणतात. अनेक स्वमग्न व्यक्ती जन्मभर त्या पाहुण्यासारख्या उशिरा हसत असतात, आणि हसण्याचे सोंग करून करून थकतात. पाहुण्याला जी सवलत आपण देतो ती घरच्या लेकराला का देत नाही?

येथे उत्पत्तीच्या 21 व्या अध्यायातील एक स्थळ विचार करण्याजोगे आहे. इसहाक या नावातच हास्य आहे. साराच्या घरी तो जन्मला तेव्हा हास्य आनंदाचे झाले. पण थोड्याच वचनांनंतर मिसरी हागारेचा मुलगा काही करताना सारेच्या दृष्टीस पडतो, आणि त्यासाठी मूळ इब्री भाषेत हसण्याच्याच धातूचे रूप वापरले आहे. त्याचा अर्थ काय करावा? काही भाषांतरकारांनी 'खेळत होता' असा केला. प्राचीन ग्रीक भाषांतराने तोच मार्ग धरला. काहींनी 'टवाळी करीत होता' असा केला. शब्द एकच, एका वाचनात ते निरागस पोर आहे, दुसऱ्यात अपराधी. आणि सारेने त्या हसण्याचा जो अर्थ लावला, त्यामुळे माय-लेकरांना पाण्याची मसक देऊन रानात धाडण्यात आले. मुलाला कोणी विचारले नाही. हसणाऱ्याच्या मनात काय होते हे पाहणाऱ्याने ठरवले आणि शिक्षा हसणाऱ्याने भोगली. आपल्या शाळांत, संडेस्कुलांत, लग्नघरांत हे आजही घडते. स्वमग्न मूल भलत्या वेळी हसले तर ते उद्धट. आपल्या विनोदावर हसले नाही तर ते मठ्ठ.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक विनोद तागडीत घालून तोलू लागलो, तर घरातले हसणेच बंद होईल. शिवाय जगात वावरायचे तर थोडी थट्टा सोसायला शिकलेच पाहिजे. या आक्षेपात तथ्य आहे. थट्टा ही आपलेपणाची खूण असते आणि जिला कधीच थट्टेत घेतले जात नाही ती व्यक्तीही एकटी पडते. परंतु खूण ही दोन्ही बाजूंना ओळखता आली तरच खूण. आंद्रेआ सॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, लोक आपल्याला हसतील या भीतीचा त्रास आस्पेर्गर अवस्था असलेल्यांपैकी सुमारे 45 टक्क्यांना होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतरांपैकी सुमारे 6 टक्क्यांना. ही भीती आभाळातून पडली नाही. वर्गात, मैदानावर, नातेवाइकांच्या घोळक्यात ती थेंबाथेंबाने साठते. ज्याने पुष्कळदा "अरे, गंमत केली" हे दुखावल्यानंतर ऐकले आहे, त्याला गंमत आणि इजा यांतील भेद कोणत्या आधारावर कळावा? शेजाऱ्याला फसवून वर "मी तर थट्टा करीत होतो" म्हणणाऱ्या मनुष्याची तुलना नीतिसूत्रांच्या 26 व्या अध्यायात जळते कोलीत आणि बाण फेकणाऱ्या वेड्याशी केली आहे, ती उगीच नव्हे.

ऑस्ट्रेलियातील टास्मानियाचे विनोदकार हॅना गॅड्सबी स्वमग्न आहेत. 'नॅनेट' हा त्यांचा रंगमंचीय प्रयोग 2018 साली जगभर पाहिला गेला. स्वतःला हिणवून लोकांना हसवणे आपण यापुढे थांबवणार, असे त्यांनी त्यात जाहीर केले. जो आधीच समाजाच्या कडेला आहे त्याने स्वतःला हसणे ही नम्रता नसून अपमानाला दिलेली संमती आहे, असा त्यांचा आशय होता. ज्यांच्याजवळ विनोद नाही असे म्हटले गेले, त्यांच्यातील एकाने विनोदाचे नीतिशास्त्र हजारो लोकांसमोर मांडले आणि तेही त्यांना हसवत हसवत.

याचा अर्थ स्वमग्न व्यक्तीवर काहीच जबाबदारी नाही असा नव्हे. तिचेही बोल कधी दुसऱ्याला लागतात आणि तेव्हा तिला ते स्पष्ट शब्दांत, न ओरडता सांगितले पाहिजे. तिला सूट दिली म्हणजे तिचा मान राखला असे होत नाही. पण जबाबदारी दोघांची असेल, तर शिकण्याचे ओझेही दोघांनी वाहावे. आजवर ते एकानेच वाहिले आहे.

म्हणून, वाचकहो, काही साध्या गोष्टी आपल्या हाती आहेत. उपरोधाने बोललो असू आणि समोरच्याला कळले नसेल, तर त्याला न हिणवता अर्थ सांगावा. अर्थ सांगितल्याने विनोद मरतो म्हणतात, पण मनुष्य दुखावण्यापेक्षा विनोद मेलेला बरा. जो हसत नाही त्याला न हसण्याची मोकळीक द्यावी. तो हसला आणि कारण कळले नाही, तर निवाडा देण्यापूर्वी विचारावे, "कशाचे हसू आले? मलाही सांग." उत्तर लांबलचक असेल, त्यात आगगाड्यांचे वेळापत्रक असेल, व्याकरणाचा नियम असेल. ऐकून घ्यावे. कदाचित आपणांस हसू येणार नाही. तेव्हा आपणही त्या परमुलखातील पाहुण्यासारखे एक क्षण थांबावे, आणि भाषा अजून यायची आहे असे म्हणावे, आपल्याविषयी.