पाळी सुटल्यावरचं शहर

जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाचा निकाल लागतो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि लातूर-नांदेडकडच्या घरात चर्चा सुरू होते: पोरीनं पुण्याला जावं की मुंबईला? बोलणं पगारावरच अडतं. मला वाटतं, आधी हे विचारावं, की दुपारची पाळी रात्री सुटल्यावर ती खोलीवर पोहोचणार कशी?

मुंबईत परळला केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. तिथला रस्ता रात्रीही जागा असतो, पण खोलीचं भाडं नव्या सिस्टरच्या आवाक्यात नाही. मग बदलापूर, विरार गाठायचं आणि झोपेचे तास लोकलमध्ये घालवायचे. पुण्यात अंतर कमी, पण उशिरा बस मिळेलच असं नाही. स्कूटीचा हप्ता धरूनच हिशेब करावा लागतो. म्हणून रुग्णालयाचं वसतिगृह मिळत असेल, तर थोडा कमी पगारही परवडतो.

आणखी एक. नाइट करून आलेली मुलगी सकाळी नऊला पडदे ओढून झोपते. “दिवसाढवळ्या झोपते कशी?” असं न विचारणारी घरमालकीण मिळणं फार मोलाचं. खोली ठरवताना हे तिला आधीच सांगा, आणि नोकरी घेण्याआधी तिथल्या वॉर्डातल्या एखाद्या सिस्टरला गाठून विचारा, रात्री किती पेशंटमागे एक जण असते.