रिकामी मूठ

तीन पेले पालथे घातलेले, तीन गोळ्या आणि एक माणूस. गोळी पेल्याखाली जाते, नाहीशी होते, शेजारच्या पेल्याखाली सापडते. मग तिन्ही गोळ्या एकाच पेल्याखाली जमतात. हातचलाखीच्या खेळांत इतके जुने खेळ फार थोडे आहेत. रोमन तत्त्वचिंतक सेनेका याने पहिल्या शतकात आपला मित्र लुसिलियस याला लिहिलेल्या एका पत्रात या वाट्या-खड्यांच्या खेळाचा उल्लेख केला आहे. त्याच्या मते या फसवणुकीने कुणाचं वाईट होत नाही, फसण्यातच मौज असते. आणि खेळ कसा होतो हे कळलं की त्यातली गोडी संपते.

त्याचं पहिलं म्हणणं मला पटतं, दुसरं पटत नाही. हा खेळ शिकायला बसलेल्या कुणालाही ते पटणार नाही. गुपित एका दमात सांगता येतं: गोळ्या तीन नसतात, चार असतात, आणि हातात ठेवल्यासारखी दाखवलेली गोळी हातात ठेवलेलीच नसते. हे कळायला अर्धं मिनिट पुरतं. बोटांना ते कळायला महिने जातात, आणि त्या महिन्यांत जे उमगतं ते गुपितात कुठेच नसतं.

सगळं एका हालचालीवर उभं आहे. उजव्या चिमटीतली गोळी डाव्या तळहातावर ठेवायची आणि डावी मूठ मिटायची. प्रत्यक्षात गोळी उजव्याच हातात, मधल्या दोन बोटांच्या मुळाशी दबून राहते. जाणते शिकवणारे ही लबाडी आधी करायला देत नाहीत. आधी गोळी खरोखरच ठेवायला लावतात, पुन्हा पुन्हा, आणि आपल्याच हाताकडे बघायला सांगतात. गोळी घेतलेली मूठ कशी मिटते? अंगठा कुठे येतो? गोळी सोडून आलेला उजवा हात किती सैल असतो? जन्मभर आपण वस्तू या हातातून त्या हातात घेत आलो, पण ते कधी पाहिलेलं नसतं. हे पाहून झालं की तीच हालचाल गोळीवाचून करायची. गोळी लपवलेल्या हाताचा अंगठा आखडतो आणि तिथेच बिंग फुटतं. नजर तर त्याहून अवघड. ती डाव्या मुठीवरच हवी, कारण आपण जिकडे पाहतो तिकडेच समोरचा पाहतो. गोळी तिथे आहे असं क्षणभर आपल्यालाही वाटावं लागतं.

साहित्याचंही तसंच. घरातले स्टीलचे पेले चालत नाहीत. ते एकात एक घट्ट बसतात, मध्ये गोळी मावत नाही, आणि वाजतात ते वेगळंच. गोळ्या कापडाच्या किंवा दोरा गुंडाळलेल्या हव्यात, म्हणजे आवाज होत नाही आणि घरंगळत नाहीत. आपल्याकडे रस्त्यावर खेळ करणाऱ्याच्या वाट्या बुटक्या असतात, वर धरायला बोंड असतं. तो जमिनीवर बसतो, लोक चारी बाजूंनी उभे राहून वरून पाहतात. टेबलाचा आडोसा नाही, पडदा नाही. मला तरी रंगमंचावरच्या जादूपेक्षा ही कला मोठी वाटते.

शिकणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं ते हे, की समोरचा माणूस मूर्ख आहे म्हणून फसत नाही. त्याने मूठ मिटताना पाहिली, गोळी त्याच्या मनाने आत ठेवली. पुढे तो शपथेवर सांगेल की गोळी आत जाताना मी डोळ्यांनी पाहिली, आणि तो खोटं बोलत नसेल. पेन आणि टेलर ही अमेरिकी जादूगारांची जोडी हाच खेळ पारदर्शक पेले घेऊन करते. गोळी आत ठेवताना धडधडीत दिसते, तरी पाहणाऱ्याची नजर मागेच राहते, कारण त्याने बघायला सुरुवात करण्याआधीच काम उरकलेलं असतं. गुपित कळल्यावर गोडी संपते या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

हे सगळं गडचिरोलीत बसून लिहावंसं वाटलं याला कारण आहे. 1584 साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या रेजिनल्ड स्कॉट नावाच्या गृहस्थाने चेटूक या विषयावर एक जाडजूड ग्रंथ छापला. चेटकीण म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्या, गरीब बायकांना पकडून फासावर दिलं जात होतं आणि ते त्याला सहन होत नव्हतं. त्याच ग्रंथात त्याने हातचलाखीचे खेळ कसे होतात ते उलगडून सांगितलं. गोळ्यांचा खेळही त्यात आहे. इंग्रजीत जादूचे खेळ शिकवणारं सुरुवातीचं लेखन म्हणून आज ज्याचं नाव घेतात, ते बायकांचे जीव वाचवण्यासाठी लिहिलेलं होतं.

आपल्याकडे चेटकीण ठरवून मारणं अजून मागे पडलेलं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून माणसांना खांबाला बांधून मारलं, त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या. मे 2024 मध्ये इथे गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारलं. अशा घटनेच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादं आजारपण असतं, नाही तर एखादं मूल गेलेलं असतं. हिवतापाचा मोठा भार सोसणारा हा जिल्हा आहे, सिकलसेलही आहे. मूल तापाने फणफणलं आणि गेलं. कारण कुणाला दिसलं नाही. दिसली ती काल अंगणात येऊन गेलेली शेजारीण. मूठ मिटलेली दिसली आणि आत काय आहे ते मनाने ठरवून टाकलं. शहरातला शिकलेला माणूसही असंच करतो, फक्त तिथे दवाखाना जवळ असतो.

म्हणून पहिला इलाज कारण दिसेल असं करणं हाच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटलेले दिसतात. त्यात वाचलेली बाळं ही पहिली कमाई. पण बाळाचे श्वास मोजणारी बाई गावातच असली की ‘कुणी केलं?’ हा प्रश्न विचारायच्या आधी ‘काय झालं?’ हा प्रश्न येतो, ही कमाईही लहान नाही.

दुसरा इलाज कायद्याचा. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. कायदा हवाच. तो बहुतेकदा मारहाण होऊन गेल्यावर गावात पोचतो, हेही खरं.

तिसरी गोष्ट चमत्कारांच्या प्रयोगांची. श्याम मानव यांनी नागपुरात 1982 साली सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि पुढे दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बाबा-मांत्रिकांचे चमत्कार करून दाखवतात आणि त्यामागची युक्ती फोडतात. सुरी फिरवताच लिंबातून ‘रक्त’ येतं, त्यामागे रसायन असतं. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी एक वाटतं. युक्ती सांगितली की ऐकणारा म्हणतो, ‘अच्छा, बाबा लबाड होता!’ लबाड दुसरा ठरला, आपली नजर मात्र निर्दोष सुटली. उद्या नवा मांत्रिक नवी युक्ती घेऊन आला की आपली नजर पुन्हा त्याच जागी आहे.

खेळ स्वतः शिकणाऱ्या पोराचं तसं होत नाही. रिकामी मूठ मिटून त्याने चांगल्या हुशार, मायाळू माणसांना ‘गोळी आत आहे’ असं म्हणायला लावलेलं असतं. आपल्या काकाला, आपल्या बाईंना. या खेळाचा शेवट बऱ्याचदा लिंबाने होतो: पेला उचलावा तर खाली अख्खं लिंबू. ते पेल्याखाली जातं कधी? सगळे तीन गोळ्या एकत्र आल्याचं नवल करत असतात तेव्हा. ज्या मुलीने आपल्या हाताने असं लिंबू सारलेलं आहे, तिला दाराशी पडलेलं कुंकू लावलेलं लिंबू दाखवून घाबरवणं सोपं नाही. ते कुणी ठेवलं आणि आपण तेव्हा कुठे पाहत होतो, हे ती आधी विचारेल.

आश्रमशाळेत आठवी-नववीच्या वर्गाला आठवड्याचा एक तास यासाठी मिळावा, असं मला फार वाटतं. खर्च जवळजवळ नाहीच. एकात एक सैलसर बसणारे तीन पेले, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या चार गोळ्या. दिवाळीनंतर आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक उभं राहतं, आणि माणसं लांबून बैलगाडीने, मोटारसायकलने येतात. नाटकाचा पडदा उघडण्याआधी त्याच गावच्या पोरापोरींनी हा खेळ करावा, समोर त्यांचेच आईबाप, गावचा पुजारी, पाटील बसलेले असावेत. गुपित सांगायची काही गरज नाही. ज्याला हवं असेल त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत यावं, मुलं त्याच्या हातात पेले देतील आणि गोळी खरोखर ठेवण्यापासून सुरुवात करून घेतील.