शिष्यवृत्तीचा अर्ज आणि मागण्याची नीती

शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना विद्यार्थी काही मागतो आणि ते मिळावे म्हणून स्वतःविषयी सांगतो. भारतीय धर्मविचाराने या दोन्ही गोष्टींकडे संशयाने पाहिले आहे. याचनेने माणूस लहान होतो आणि आत्मस्तुती हा दोष आहे, असे नीतिग्रंथ सांगत आले. हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातून एखादी मुलगी घराण्यात पहिल्यांदा महाविद्यालयात जाते, तेव्हा अर्ज लिहिताना तिचा हात अडखळतो. त्या संकोचामागे हीच शिकवण असते. ती टाकाऊ नाही. मात्र ती कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, यावर अर्जाचे बळ ठरते.

आधी मागण्याचा प्रश्न. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी व काळी, पात्र माणसाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा नाखुशीने दिलेले ते राजस, आणि अवहेलना करून वा अपात्री दिलेले ते तामस. या विचारात सगळी कसोटी देणाऱ्याची आहे. घेणाऱ्याकडे फक्त पात्रता हवी.

शासकीय शिष्यवृत्तीला हे मापही लागत नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झाली. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला ती मिळालीच पाहिजे, म्हणून तिथे कोणी दाता नसतो आणि कोणी याचकही नसतो. अशा अर्जात विनवणीला जागा नाही, पुराव्याला आहे. राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरण्याआधी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तिथे जात पडताळणी प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते हाताशी हवे. गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे, एवढ्या कारणानेही अर्ज अडकतो. म्हणून नावाची दुरुस्ती प्रवेशाच्या आधीच उरकलेली बरी. जात पडताळणीला महिने लागू शकतात. तिचे काम बारावीच्या वर्षातच हाती घेणे शहाणपणाचे.

खोटेपणाचा मोह याच टप्प्यावर येतो. अनुसूचित जातींच्या या शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेसाठी 8 लाख. शेतीचे आणि रोखीचे उत्पन्न कमी दाखवणे सोपे असते आणि त्यात पाप आहे असे अनेकांना वाटतही नाही, कारण पैसा सरकारचा. पण जिथे जागा मोजक्या असतात, तिथे तो पैसा सरकारचा राहत नाही. तो यादीत एका क्रमांकाने मागे राहिलेल्या मुलाचा असतो. त्या मुलाचा चेहरा दिसत नाही, म्हणून चोरी लहान होत नाही.

विश्वस्त संस्थांच्या आणि परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांत निबंध लिहावा लागतो, मुलाखत द्यावी लागते. इथे दुसरा प्रश्न उभा राहतो, स्वतःविषयी बोलण्याचा. महाभारताच्या कर्णपर्वात अर्जुन स्वतःचा जीव द्यायला निघतो, तेव्हा कृष्ण त्याला स्वतःची स्तुती करायला सांगतो, कारण आत्मस्तुती ही आत्महत्येसारखीच. वारकरी परंपरेतली एक कथा तर सिद्धेश्वरच्या अगदी जवळची आहे. संतांच्या मेळ्यात कुंभारकाम करणाऱ्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. नामदेव रागावले, पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि तिथे त्यांना गुरू लाभला. परंपरेने नामदेवांचे गाव मानलेले नरसी आणि हे औंढा आज एकाच जिल्ह्यात आहेत. कथेतली परीक्षा कीर्तीवर झाली नाही, भाजलेपणावर झाली. चांगली निवड समितीही तेच शोधते.

आत्मस्तुती आणि आत्मनिवेदन यांतला फरक पुराव्याचा आहे. ‘मी मेहनती आणि जिद्दी आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो. हळद काढणीच्या दिवसांत सकाळी शेतात राबून दुपारच्या तासांना हजेरी लावली आणि त्या वर्षी गणितात अमुक गुण मिळाले, हे फक्त तसे जगलेलाच लिहू शकतो. त्यात विशेषण नाही, म्हणून गर्वही नाही. गरिबीचेही तसेच. ती परिस्थिती म्हणून नेमक्या शब्दांत सांगावी: जमीन किती, कमावते किती, शुल्क किती, कमी किती पडते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी आईवडिलांचे दैन्य रंगवणे हा त्यांचा अपमान आहे. शिफारसपत्रही ज्यांनी विद्यार्थ्याचे काम जवळून पाहिले अशा शिक्षकांकडून घ्यावे. मोठ्या पदाच्या अनोळखी माणसाचे पत्र दुबळे असते.

हेतूचा प्रश्न सर्वांत कठीण. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता दिले. कोणते विषय शिकणार आणि कशासाठी, असे महाराजांनी विचारल्याचे चरित्रकार सांगतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त हे विषय, आणि आपल्या समाजाची स्थिती सुधारण्यासाठी, असे उत्तर मिळाले. विषय आणि हेतू यांचा असा थेट सांधा ज्या अर्जात दिसतो, तो समितीला पटतो. उसन्या ध्येयवादाने तो जुळत नाही. नोकरी मिळवून घर सावरणे हाच खरा हेतू असेल तर तोच लिहावा. गृहस्थधर्मात तो हलका मानलेला नाही.

त्या शिष्यवृत्तीबरोबर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करारही होता. गीतेच्या काटेकोर मापाने हे दान राजस ठरेल. तरीही अटीने दिलेले म्हणून ते कमी प्रतीचे मानणे बरोबर नाही. अट उघड असली की घेणाऱ्याची मान ताठ राहते. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये सुरू केलेल्या निधीतून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती दिली जाते आणि ती फेडायची असते. म्हणून अर्जावर सही करण्याआधी करार, परतफेड आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाच्या अटी आईवडिलांसह वाचून घ्याव्यात. नूतनीकरणासाठी बहुधा पुढच्या वर्गात प्रवेश आणि पुरेशी हजेरी लागते.